दुसऱ्या मजल्यावरची भरती

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचतो. कुणी लिहिलं की 'अमावास्येला गाडी अचानक बंद पडली', की माझा पहिला प्रश्न — बॅटरी तपासली होती का? माझं कामच ते आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, एवढ्या एका श्रद्धेवर माझं पोट चालतं. त्यामुळे आपल्यावरही कधी इथे लिहायची पाळी येईल, असं वाटलं नव्हतं...

गोष्ट २००८ची. मी आणि माझी बायको मंजिरी मारुंजीत राहत होतो, कारण ऑफिस हिंजवडीत. सोसायटी नवीकोरी, बाहेरचा रस्ता कच्चा, आणि लोडशेडिंग रोजचं. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. आदल्या वर्षी आई गेली आणि मी बाबांना आमच्याकडे घेऊन आलो. आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. बाबांनी सगळी नोकरी तिथल्या जेटीवर लाँचची तिकिटं फाडण्यात काढली. त्यांचं हृदय अधू झालं होतं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, यांना एकटं ठेवू नका.

बाबांनी भांडण केलं नाही. ते नुसते मिटत गेले. अर्धी पोळी खायची आणि बाल्कनीत बसायचं. समोर टेम्पो आणि सिमेंटच्या गोण्या. दर रविवारी एकच वाक्य, "मला घरी सोड." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात बघू. सोडायचं नाही हे माझं ठरलेलं होतं, आणि त्यांनाही ते कळत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं — यांना समुद्र हवा ना, मग समुद्रच घरी आणू. खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी, रंगीत मासे, लाटा करणारा पंप. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी अशी टाकी होती. मी म्हटलं, छोटीपासून सुरुवात करतो. तो म्हणाला, नवशिक्याने मोठीच घ्यावी. वाटीभर आमटीत चमचाभर मीठ जास्त पडलं तर आमटी गेली, पातेल्यात कुणाला कळतही नाही. टाकीचं तसंच. पाणी जास्त असलं की आपल्या चुका त्यात मुरतात. नवी मोठी टाकी परवडणार नव्हती, म्हणून जुनी शोधायची ठरली.

ती मुळशीला मिळाली. धरणाकाठचं एक रिसॉर्ट बंद होत होतं. बाबांनाही फिरायला म्हणून सोबत नेलं. मी टाकीच्या कडांचं सिलिकॉन नखाने दाबून बघत होतो, काचेवरचे ओरखडे बघत होतो. आधी कधी तांब्याचं औषध घातलंय का, हेही मित्राने विचारायला सांगितलं होतं, कारण ते टाकीत मुरतं आणि पुढे शंख-खेकडे जगत नाहीत. तिथले राखणदार बबनराव माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"अवशिद-बिवशिद काय न्हाई घातलं, साहेब," ते म्हणाले. "हितं निस्ती शोभंला हाय. पाणी भरून बगा की, गळतीया का न्हाई ते कळंल."

भरून बघितली. दुपारभर ठेवली, थेंब गळला नाही. तोवर बाबा धरणाच्या काठावर उभे होते. मी विचारलं, कसं वाटतंय? "गोडं पाणी," ते म्हणाले. "एवढं मोठं, आणि जागचं हलत नाही मेलं."

टाकी घरी आली. बाजारातलं समुद्री मीठ घालून पाणी तयार केलं, वाळू आणि दगड मांडले, खाली फिल्टरची छोटी टाकी ठेवून पंप लावला. बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "हे मीठपाणी झालं. समुद्र नव्हे हो," म्हणाले आणि बाल्कनीत गेले. मी मनातून फार खट्टू झालो. त्यात मासे लगेच सोडता येत नाहीत. पाणी 'पिकायला', म्हणजे माशांना सोसेल असं व्हायला, टाकी काही आठवडे रिकामीच ठेवावी लागते. मंजिरीने भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली, "आमच्याकडे या ना, रिकामी टाकी दाखवते."

आता इथून पुढचं नीट सांगतो.

खाऱ्या टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी साधंच घालायचं असतं. त्यासाठी मी काचेवर मार्करने रेघ मारून ठेवली होती. एका शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघताना बघितलं, तर पाणी रेघेच्या चांगलं चार बोटं खाली. वाटलं, उन्हाळा आहे. बादलीने रेघेपर्यंत पाणी भरलं आणि गेलो. दुपारी मंजिरीचा फोन — टाकी वरून वाहतेय, हॉलभर पाणी. मी किती घातलं होतं, यावरून आमची फोनवरच जुंपली. घरी आलो तेव्हा ती फरशी पुसून दमली होती. आणि बाबा टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"सकाळी ओहोटी होती," ते शांतपणे म्हणाले. "त्यात तू वर पाणी घातलंस. भरतीला सांडणारच ना रे."

मी मंजिरीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. म्हातारपणी होतं असं, हा विचार दोघांच्याही चेहऱ्यावर होता. मी जास्तीचं पाणी काढलं, थोडं मीठ घालून पुन्हा जुळवलं आणि रविवारी सकाळपासून स्वतः समोर बसलो.

कोकणात एक ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. बाबा म्हणाले, "आज षष्ठी. कर पाऊणपट." साडेचार. पाणी सकाळी खाली खाली गेलं, पार चार बोटं. थोडा वेळ थांबलं. मग चढायला लागलं. नजरेला चढताना दिसत नव्हतं, पण चहा घेऊन परत यावं तर वर आलेलं. साडेचारला रेघेला टेकलं आणि थांबलं.

मी काय काय तपासलं ते लिहितो, नाहीतर तुम्ही विचाराल. मित्र म्हणाला, लोडशेडिंगमुळे पंप बंद पडून पाणी खालच्या फिल्टरच्या टाकीत उतरत असेल. पण रविवारी वीज होती, पंप चालू होता, आणि खालच्या टाकीत पाणी जिथल्या तिथे. वाफ म्हणावी, तर उरलेलं पाणी जास्त खारट व्हायला हवं. मीटरने मोजलं, खारटपणा तेवढाच. मग गळती? टाकीखाली वर्तमानपत्रं अंथरली होती, ती कोरडी. बबनरावांना फोन केला. "आमच्या हितं आसलं कदी झालं न्हाई बा," ते म्हणाले. "पाणी कुटं जातंय आन् कुटनं येतंय मंग?" तेच तर मी त्यांना विचारत होतो.

भीती वाटली का? खरं सांगू, नाही. कारण बाबा जेवायला लागले होते. दोन पोळ्या, वर भात मागून. भरतीच्या वेळी खुर्ची ओढून बसायचे आणि मंजिरीला जेटीवरच्या गमती सांगायचे. ती हातातलं काम टाकून ऐकायची. महिनाभरात त्यांनी एकदाही 'घरी सोड' म्हटलं नाही. पाणी कुठून का येईना, मी जिंकलो होतो.

मग त्यांना तपासणीसाठी पुण्यात दवाखान्यात ठेवावं लागलं. मी सोबत होतो. मंजिरी फोनवर म्हणाली, "अरे, पाणी हललंच नाही आज." दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा घरी आले, चप्पल काढून खुर्चीत बसले, आणि संध्याकाळी पाणी उतरायला लागलं. पण आता दोनच बोटं. पुढच्या आठवड्यात एक. पौर्णिमा आली, उधाणाचे दिवस, तरी जेमतेम बोटभर.

बाबा पुन्हा मिटायला लागले. एका सकाळी मी ऑफिसचे बूट घालत होतो, तेव्हा टाकीकडे बघत म्हणाले, "दमलंय रे ते."

"कोण?"

"ताम्हिणीचा घाट चढून रोज दोनदा यायचं, म्हणजे काय खाऊ आहे? मी इथं बसलोय म्हणून येतंय बिचारं. किती दिवस यायला लावायचं त्याला?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी इथं बसून हे पाणी बघितलंय का?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, अगदी साधं.  मी बूट काढून तसाच बसून राहिलो आणि मला रडू आलं. ज्या टाकीने त्यांना धरून ठेवायचं, तिनेच माझी समजूत काढली होती. त्यांचं आणि त्या पाण्याचं काय आहे ते मला कळत नव्हतं, पण त्यात माझ्या हट्टाला जागा नव्हती.

रविवारी पहाटे मीच त्यांना गाडीत घालून निघालो.  आपण वडिलांना मरायला सोडून येतोय, हेच वाटभर डोक्यात. दुपारी गावात पोचलो. शेजारी राहणारा चुलतभाऊ सुधाकर जेटीच्या रस्त्यावरच भेटला, आणि नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, तो म्हणाला, "काका, जरा बघा हो चला. आता पुरी ओहोटी हवी. आणि पाणी सकाळपासून पायऱ्या सोडायला तयार नाही. होड्या बांधून माणसं बसून राहिल्येत."

आम्ही गेलो. खरंच, वरच्या पायरीपर्यंत पाणी, वारा नाही, लाट नाही. बाबांनी धोतर जरा वर घेतलं, एक पायरी उतरले आणि घोटाभर पाण्यात उभे राहिले.

"आलो रे," ते म्हणाले. मला नाही, सुधाकरला नाही.

थोड्या वेळाने त्यांची पावलं पाण्याबाहेर आली. मग खालची पायरी दिसली, मग त्याच्या खालची. सुधाकर माझ्याकडे बघत होता, मी पाण्याकडे.

त्यानंतर मारुंजीच्या टाकीतलं पाणी कधी हललं नाही. पुढे त्यात मासे सोडले, ते छान जगले. बाबाही डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त जगले, आपल्या घरात, आपल्या हातचा भात खाऊन. यंदा गेले. पाणी कुठे जात होतं, कुठून येत होतं, आणि त्या दुपारी कुणासाठी थांबलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण ठाऊक असेल तर जरूर लिहा, मी ऐकेन. पण तेव्हा ते कळलं असतं, तर मी टाकी दुरुस्त करत बसलो असतो आणि बाबांना जाऊ दिलं नसतं.