पावलावरचा चौकोन

टेलरमास्तरांनी सगळी गल्ली मापात बसवली, पण स्वतःचा उजवा पाय काही त्यांना जुमानेना. आधी बोटं गार पडली, मग सुन्न झाली, आणि अंगठ्याची जखम भरायचं नाव घेईना. तरी मास्तर पायमशीन चालवतच राहिले. लेकीनं मोटर बसवायचा हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, "मग शिलाई माझी कसली? विजेची!"

शेवटी डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किती खेळतंय, त्याचा फोटो काढू. बोटांत धुगधुगी असली तर वरची तुंबलेली वाहिनी फुग्यानं उघडू. नाहीतर बोटं काढावी लागतील."

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. बोटं गेली की मशीन गेलं, आणि मशीन गेल्यावर दुकानात नुसतं बसून करायचं काय?

फोटोच्या सकाळी त्यांनी भलतंच डोकं चालवलं. इस्त्री तापवली, जाड कापडाची घडी तिच्याखाली दाबून गरम केली आणि मोज्यात पावलावर ठेवली. बायको थंडीत रोज हेच करायची. वरून दोन्ही हातांनी पाऊल धरून बसायची आणि म्हणायची, "याच्यापेक्षा दगड बरा." ती गेल्यापासून त्या पायाला मायेचा हात लागला नव्हता. मास्तरांना तिची इतकी आठवण आली की डोळे पुसावे लागले.

दवाखान्यात मोजा काढताना घडी गुपचूप खिशात गेली. पडद्यावर पाऊल उमटलं. रक्त भरपूर वाहतं तिथं लाल, थोडं तिथं पिवळं, नाही तिथं निळं. बोटं निळीशार, आणि पावलाच्या मधोमध लालभडक चौकोन, चारही कडा सरळ.

डॉक्टरबाई बघतच राहिल्या. "मास्तर, तुमचं रक्तही बेतून कापलेलं असतं का हो?"

सोबत आलेल्या लेकीनं बापाच्या फुगलेल्या खिशात हात घातला. घडी अजून कोमट होती.

"बाबा, हे काय?"

"फोटो चांगला यावा म्हणून गं."

"चांगला नको, खरा हवाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि सुन्न पायाला पुन्हा शेक द्यायचा नाही. भाजलं तरी कळणार नाही तुम्हाला."

पाय निवल्यावर फोटो पुन्हा काढला. चौकोन गेला होता, पण बोटांच्या मुळाशी एक पुसट पिवळी रेघ दिसली. तेवढ्या भरवशावर डॉक्टरबाईंनी वाहिनी उघडली. नंतरच्या फोटोत रंग थेट अंगठ्यापर्यंत पोचला होता. लेक हसता हसता रडली. "बाबा, बोटं वाचली!"

घरी आल्यावर एकटे असताना मास्तरांनी पाऊल चाचपून पाहिलं. चांगलं उबदार होतं. जिनं सगळे हिवाळे या पायाला ऊब देण्यात घालवले, तिच्या हाताला ही ऊब एकदाही लागली नव्हती.

"आता कशाला गरम झालास मेल्या?" ते पायाला म्हणाले. "ती होती तेव्हा काय झालं होतं तुला?"