एक कागदी कप

स्टेजवर चहा आला. ट्रेमध्ये निळ्या काठाचे चिनी मातीचे पाच कप. आणि एक कागदी. तो माझा.

लोणावळ्यातली शाळा. मी घंटागाडीवर कचरा गोळा करते. शनिवार-रविवारी बंगल्यांतून येणाऱ्या पिशव्या उघडायच्या. एकाच पिशवीत बाटल्या, उष्टं आणि डायपर. वेगळं करून करून हाताला सवय झालीये. म्हणून मुलांना शिकवायला मला बोलावलं होतं. गुलाब दिला. माइकवरून मला मॅडम म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझी मुलगी त्याच शाळेत सातवीला. तिसऱ्या रांगेत बसली होती.

अर्ध्या तासापूर्वी मी असाच कप सगळ्यांसमोर नखाने सोलून दाखवला होता. आतून प्लास्टिकचा पापुद्रा निघतो. म्हणून तो कुजत नाही, रद्दीत चालत नाही, भंगारवालाही घेत नाही. वापरूच नका, असं मी म्हणाले. मुलांनी हात पुढे करून शपथ घेतली. शाळेत कागदी कप बंद. आणि माझ्यासाठी एक बाहेरच्या टपरीवरून मुद्दाम मागवला.

मी मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हं मावशी. तुमचं काम तसं आहे ना."

माइकवर मॅडम होते, चहाला मावशी झाले. मी प्यायले. राग आला नाही. काहीच आलं नाही. समोर कचऱ्याचे डबे होते, मीच समजावून सांगितलेले. कप कशात टाकावा ते कळेना. चुरगाळून पर्समध्ये कोंबला.

घरी मुलगी जेवायला बसली. मग म्हणाली, "आई, तू प्यायलीस."

ताट तसंच ठेवून उठली. मला वाटायचं, तिला माझ्या कामाची लाज वाटते. तिला त्या चहाची लाज वाटली होती.

या वर्षी परत बोलावणं आलं. तेच स्टेज. पाच कप आणि एक कागदी. मी तो उचलून माइकपाशी गेले. आत सगळं बधिर होतं.

"पोरांनो, गेल्या साली तुमी शपथ घेतली व्हती. हितं समद्यांना धुतलेला कप. मला ह्यो. सांगा, ह्यो कुठल्या डब्यात टाकू?"

बाई म्हणाल्या, "मावशी, विषय वाढवू नका."

मी भरलेला कप त्यांच्यासमोर ठेवला. चहावर साय धरेपर्यंत खुर्चीतून हलले नाही. माझी पोर मान वर करून बघत होती.

आता कुठल्याही शाळेत गेले की आधी चहा मागते. कप बघते. सगळ्यांसारखा असला तर शिकवायला घेते. नसला तर शिकवायला आणलेली कचऱ्याची पिशवी न उघडता उठते, आणि का उठले ते मुलांना सांगून जाते.