दादाची धडधड

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पणजीच्या घरी ओटा पुसत होते. "शालू, हे गेले गो," एवढंच ती म्हणाली. माझा विश्वासच बसेना. मघाशीच तर दादाशी बोलले होते मी... महिना उलटला, तरी ते बोलणं कानातून जात नाही.

माझा थोरला भाऊ म्हणजे मालवणजवळच्या आमच्या गावाचा आवाज. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. हातात नारळ धरून तो गावाच्या वतीनं देवाशी बोलायला लागला की सगळे "व्हय महाराजा" म्हणत, आणि मी लहान असताना मला वाटायचं, देव याचंच ऐकतो. मग एका जत्रेला तो मध्येच थांबला. दरदरून घाम, हात छातीवर. "माका मरण इला," म्हणाला. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला तर हृदय ठणठणीत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, मग पुन्हा. दर वेळी गाडी, धावाधाव, आणि दर वेळी रिपोर्ट चांगला. गावानं कौल लावला, कोंबडा दिला. गाऱ्हाण्यात काहीतरी चुकलं असणार, म्हणून देवाची माफी मागायला दादाकडचं गाऱ्हाणंच काढून चुलतभावाला दिलं. काय म्हणावं या लोकांना! मायेनंच केलं सगळं, पण माणूस मिटला. आधी देऊळ सुटलं, मग बाजार, मग एसटी. अंगणातल्या तुळशीपलीकडे जाईना.

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की हा चिंतेचा आजार आहे. गोळ्यांनी थोडं बरं वाटलं, पण पुरतं नाही. शेवटी मी त्याला पणजीला आणलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी चुंबकाच्या लहरींनी मेंदूला चालना देण्याचा उपचार सुचवला. दादा शॉकच्या भीतीनं पांढराफटक. बाईंनी समजावलं की हा शॉक नव्हे, तुम्ही जागे असाल, बोलाल. हेही स्पष्ट सांगितलं की चिंतेच्या आजारात याचा गुण येतोच असं नाही. काही आठवडे, रविवार सोडून रोज मी त्याला घेऊन जायची. खुर्चीत बसवून डोक्याला तळहाताएवढी चकती टेकवायचे आणि टकटक सुरू व्हायची. पहिल्या दिवशी बाहेर येऊन मला म्हणतो, "नारळ वाजवन बघतत गो, आत पाणी आसा की नाय." किती वर्षांनी थट्टा केली होती त्यानं! मी तिथंच रडले. सोबत तिथलीच एक समुपदेशक ताई त्याला शिकवायची, की धडधड आली तर पळायचं नाही, बसायचं, श्वास मोजायचा, ती येते आणि जाते. लहरींचा गुण की त्या ताईचा, देव जाणे. पण दादा पणजीहून एकटा एसटीनं गावी गेला. जत्रेला चुलतभावानं आपणहून नारळ त्याच्या हातात दिला. आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. बायका पदरानं डोळे पुसत "व्हय महाराजा" म्हणत होत्या.

आणि मग तो दिवस. नेहमीसारखा दुपारी फोन. बोलता बोलता थांबला. म्हणाला, "इलो गो आपलो जुनो पाव्हणो. छातीत धरलेला आसा." मी म्हटलं, वहिनीला हाक मार. तर हसला. "आता मी पळणंय नाय. बसतंय. भियाव नको तू." आणि फोन ठेवला. या वेळी पाहुणा तो नव्हता. या वेळी खरंच हृदय होतं... वहिनी सांगते, तो पडवीत ताठ बसून श्वास मोजत होता. ती गाडी बोलवायला उठली तर तिचा हात धरून म्हणाला, जरा थांब, जाता आता.

इतकी वर्षं खोट्या मरणाला भ्याला, आणि खरं आलं तेव्हा त्याला भ्यालाच नाही. लोक म्हणतात, सुखानं गेला. मला चीड येते. एकदा, फक्त एकदा घाबरायला हवा होतास रे तू.

परवा संध्याकाळी भाजी निवडताना माझीच छाती धडधडायला लागली. हात गार पडले. नवऱ्यानं गाडी काढली. कार्डिओग्राम स्वच्छ निघाला, डॉक्टर म्हणाले काही नाही, मनाचं आहे. घरी आले आणि दादा माझ्याकडे राहायचा तेव्हा ज्या पलंगावर निजायचा, त्यावर जाऊन बसले. श्वास मोजायला गेले, मोजता येईना.

दादा, रिपोर्ट बरो आसा रे. पण माका भय वाटता.