आरतीत वळलेली बोटं
कापराचा वास आला की मला संगमनेरजवळच्या आमच्या गावातली, नव्वदच्या दशकातली एक नवरात्राची आरती आठवते. आईच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ कॅन्सरची निघाली होती आणि पुण्याला ऑपरेशन होऊन ती नुकतीच घरी आली होती. अंगातलं कॅल्शियम कमी झालं, बोटांना मुंग्या आल्या, बोटं वळली, की लगेच कॅल्शियमची गोळी द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आरती रंगात आली, संबळ कडाडत होता, तेवढ्यात आईची बोटं वळून ताठली. "अंगात आलं गं," म्हणत बायकांनी तिचा मळवट भरला. ती गोळी मागत होती, पण ऑपरेशननं घोगरा झालेला तिचा आवाज ऐकून बायका आणखीच वाकल्या. मी गर्दीत घुसून तिला गोळ्या दिल्या. शेजारच्या मावशींनी तेवढ्यात तिचे पाय धरले. "देवीआई, माझं गुडघं लई दुखत्यात." आई गोळी चावत म्हणाली, "दूध पीत जा बाई, सकाळचं उन्हात बसत जा." मावशी आजही दुधाचा पेला घेऊन ओट्यावर उन्हात दिसतात. परवा मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलंय का. "डॉक्टरचं कोन ऐकतंय," त्या म्हणाल्या, "देवीनं सांगितलंय."