काचेच्या खोलीतली चंपा

चंपाबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्यात जी खुसपटं काढणार आहे ती किती खरी धरायची हे तुमचं तुम्ही ठरवाल.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा कारखाना आहे. स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर टांगलेले असतात ना, ते स्वस्तातले वायरवाले ईअरफोन आम्ही जोडतो. सुटे भाग बाहेरून येतात. लांब टेबलांवर पंधरा-वीस बायका ते चिकटवतात, तारा जोडतात. त्यानंतर माल येतो काचेच्या खोलीत. खोली म्हणजे काय, चार बाय पाचचा खोका. एका बाजूला काच, बाकी भिंतींना जाड फोम, दाराला रबर, आत एक टेबल आणि एक खुर्ची. मशीन आहे, पण ते आवाज येतो की नाही एवढंच सांगतं. आवाज कसा येतो ते सांगायला माणूस लागतो, आणि अकरा वर्षं तो माणूस मी होते. जान्हवी मॅडम, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा.

मला माझ्या कानांचा गर्व होता, आणि त्याला कारण आमच्या घरात आहे. माझे बाबा, जयवंत, मूळचे कणकवलीकडचे, गिरणीत वीस वर्षं मागावर होते. मागांच्या खडखडाटात दोन्ही कान गेले. घाटकोपरच्या आमच्या घरात आजही सगळे ओरडून बोलतात. लहानपणापासून मी ठरवलं होतं की आपण या घरातलं ऐकू येणारं माणूस व्हायचं, आणि झालेही.

मग तीन वर्षांपूर्वी चंपा आली. माहुलची कोळीण, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. आधी मासळी विकायची. खाडीत मासळी उरली नाही म्हणून डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि आमच्याकडे कामाला लागली. शिक्षण आठवीपर्यंत. महिन्याभरात सगळा मजला तिला चंपाताई म्हणू लागला. मी अकरा वर्षांत कुणाची ताई झाले नाही. मी चंपाच म्हणायचे, मुद्दाम, जरा जोर देऊन.

पहिल्यांदा माझं डोकं फिरलं ते तिच्या बोटांमुळे. आमचे मालक मितेशभाई दुसऱ्या कंपन्यांचे नमुने आणायचे. एकदा त्यांनी सहा-सात ईअरफोन टेबलावर टाकले आणि सहज विचारलं, "बोला, यातला टिकणार कुठला?" मी वजन, तारेची जाडी असं काहीतरी सांगायला लागले. चंपाने एकेक उचलला आणि जोडावरून नख फिरवलं, पापलेट घेताना बायका पोट दाबून बघतात तसं. मग पिनेजवळची तार जरा वाकवली, जाळीचा वास घेतला आणि दोन बाजूला काढले.

"ह्याचा गोंद कच्चा हाय शेट, उन्हाळ्यात सुटंल. आनी ह्याची तार पिनेपाशीच तुटनार. बाकीचे चालतील."

मितेशभाईंनी ते सगळेच वापरायला वाटून दिले. मे महिन्यात एकाचा गोंद सुटला, दुसऱ्याची तार पिनेपाशी तुटली. तेव्हापासून "चंपाबेनना दाखवा" हे चालू झालं आणि तिला तपासणीत घेतलं. खोलीत बसायचे मी. ती बाहेर, काचेला लागून असलेल्या स्टुलावर.

तिथे बसून ती काय करायची? मी माझी पद्धत सांगते. दोन्ही बाजू दोन्ही कानांत, आधी खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा आवाज, मग ठरलेली चार गाणी. डिप्लोमावाल्या माणसाने करावं तसं. चंपाकडे गाणी नव्हती. तिच्या मोबाइलवर एकच रेकॉर्डिंग होतं, तिचा भाऊ रामनाथ होडी चालवताना बडबडतोय त्याचं. पाठीमागे इंजिनाचा धडधडाट. बस, तेवढ्यावर तिची परीक्षा.

"इंजिन ऐकू येतंच गो, फुकटातल्या ईअरफोनमधी पन येतं," ती म्हणायची. "रामनाथ काय बोलतो ते कळला पायजे. इंजिनाने मानूस खाल्ला की माल बाद."

त्यावर मी हसले होते, आणि बायकांना ऐकू जाईल असं हसले होते.

गेल्या दिवाळीचा माल मी पास केला. बास म्हणजे खालचा आवाज झकास, ढब ढब नुसती. चंपा पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, रामनाथ बुडतोय ह्याच्यात." मी लक्ष दिलं नाही. दिवाळीनंतर दुकानदारांनी खोकेच्या खोके परत पाठवले. फोनवर समोरच्याचं बोलणं कळत नाही, अशी एकच तक्रार.

जानेवारीत नवीन मॉडेल आलं, कंपनीचं नाव त्यावर टिकणार होतं. मितेशभाई चहाच्या वेळेला माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, या वेळेला आत चंपाबेनला बसवू. फायनल ओके तिचा. तुम्ही बाहेरचं बघा."

बाहेरचं म्हणजे स्टूल. माझी खुर्ची तिला आणि तिचं स्टूल मला. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी इतकंच म्हटलं, "महिन्याभराने बसवा, तोवर चालू माल संपवते." तो महिना मला पाहिजे होता. त्या बाईत कुठेतरी खोट असणारच, आणि ती मला शोधायची होती.

आणि सापडली की! मी तिच्यावर पाळत ठेवली. फोन कायम उजव्या कानाला. कुणी डावीकडून हाक मारली की ओ नाही. आणि ईअरफोन तपासताना ती दोन्ही बाजू एकाच कानात घालून बघायची, आधी डावी बाजू उजव्या कानात, मग उजवी बाजूही उजव्याच कानात. एवढे दिवस मला ते अडाणीपण वाटलं होतं. आता खात्री करायची म्हणून एका दुपारी मी तिच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "चंपा, तुझी साडी पेटलीय."

ती हललीसुद्धा नाही, तार गुंडाळत राहिली.

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्या टेबलांना वडापाव आणला. चंपालाही दिला.

सरळ जाऊन चुगली केली असती तर मी वाईट दिसले असते. म्हणून मी मितेशभाईंना म्हटलं, "शेट, नवीन मॉडेलची जबाबदारी मोठी आहे. तपासणाऱ्यांच्या कानांचा दाखला घेऊन ठेवू. मोठ्या कंपन्यांत असंच असतं." मोठ्या कंपन्यांत काय असतं देव जाणे. मितेशभाईंना मात्र पटलं. "चांगली आयडिया मॅडम. दोघी जाऊन या. रिपोर्ट बघून खुर्चीचं ठरवू."

अंधेरीला रिक्षाने गेलो. चंपाने मला आधी चढवलं आणि स्वतः मागून चढून डावीकडे बसली, म्हणजे मी तिच्या चांगल्या कानाकडे आले. मी मनात म्हटलं, हुशार आहे. वाटेत ती काहीबाही बोलत होती आणि मी सारखी "काय? काय म्हणालीस?" करत होते. रिक्षाचा आवाज केवढा तो. शेवटी ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिली. घाबरलीय, असं मी समजले.

कान तपासणारी मुलगी विशी-बाविशीची होती. काचेची खोली, तिथेही. कानावर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आधी उजवा कान. मी पटापट दाबत गेले, बारीकातला बारीक सूर सोडला नाही. मग ती खुणेने म्हणाली, आता डावा. पहिले काही सूर आले, मी दाबले. मग शांतता. मी वाट बघितली. मुलगी मशीनवरचं बटण फिरवत होती, तयारी करत असेल. मी हात हलवून म्हटलं, "सुरू करा ना."

तिने काचेपलीकडून माझ्याकडे बघितलं आणि बोटाने खूण केली. सुरूच आहे.

बाहेर आल्यावर तिने कागदावरच्या दोन रेघा दाखवल्या. उजवी सपाट. डावी निम्म्यापर्यंत बरी आणि पुढे जिन्यावरून पडल्यासारखी खाली. "वरचे सूर गेलेत या कानातले. रोज किती तास ईअरफोन घालता? मोठ्या आवाजात?" बाबांच्या कपाटात असाच एक कागद आहे. रेघा फक्त दोन्ही बाजूंनी पडलेल्या.

चंपाचाही कागद आला. डावा कान जवळजवळ नाहीच. लहानपणी फुटला होता, वाहायचा, कुणी तेल ओतलं, कुणी लसूण, संपला. उजवा मात्र, मुलगी कौतुकाने म्हणाली, कॉलेजच्या पोरीसारखा आहे.

पायऱ्यांवर चंपा माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली. "तुझा डावा ना?"

मी एकदम बघितलं. "तुला काय माहीत?"

"वरीस झाला. तू सारख्या चिठ्ठ्या लावतेस ना, डावा कमी, डावा कमी. त्या खोक्यातला माल मी परत ऐकते. दोन्ही बाजू एकाच कानात घातल्या की फरक असला तर लगेच कळतो. फरक नसायचा गो. चांगला माल होता. मी परत पास मालाच्या टेबलावर ठेवून देत होते."

मला सगळा मागचा काळ दिसायला लागला. डावे ड्रायव्हर, म्हणजे आतले बारके स्पीकर, मंद येतायत म्हणून मी माल पाठवणाऱ्याला तीन मेल लिहिले होते. तो बिचारा शपथा घेत होता. दोन्ही कानांत एकदम घालून ऐकणारीला आपलाच एक कान कमी आहे हे कसं कळणार? तो अडाणीपणा नव्हता. ती एकच काय ती बरोबर पद्धत होती, आणि ती त्या बाईला कानाची गरज म्हणून सापडली होती.

"शेटना सांगितलं नाहीस ते?"

"मी माझा लपवला, मग तुझा कशाला सांगू?" ती म्हणाली. मग हसली. "आनी साडी पेटली असती तर चटका बसला असता ना गो. काचेत दिसत होतीस. ओठ वाचता येतात मना, लहानपनापासून."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी वडापाव आणला होता तोही तिने मिटक्या मारत खाल्ला होता, हे आठवलं आणि तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं.

तिने स्वतःचा कागद मितेशभाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. माझ्या रिपोर्टचं पाकीट मात्र तिने माझ्याच हातात दिलं होतं. मी दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. घरी बाबा विचारत होते, "काय झाला गो? गप कशाक?" तिसऱ्या दिवशी दिलं. ती सांगणार नाही याची मला खात्री होती, आणि तिच्या मेहेरबानीवर खुर्ची राखायची हे मला जमणारं नव्हतं. एवढी तरी लाज शिल्लक होती म्हणा, किंवा तोही हेवाच.

मितेशभाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. चंपा खुर्चीवर बसली. नवीन मॉडेल तिने दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा रामनाथ इंजिनाच्या पुढे आला तेव्हा ओके दिला. दुकानांतून एक खोका परत आलेला नाही.

मी आता बाहेर स्टुलावर असते. जोड, गोंद, तारा बघते. नखाने कसं बघायचं ते तिने शिकवलं, आणि मी शिकले, कारण दुसरं काय करणार. आवाज ऐकायची वेळ आलीच तर दोन्ही बाजू उजव्या कानात घालते, तिच्यासारखीच. ताई मात्र अजून म्हणत नाही.

हेवा गेला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. खुर्चीचा होता तो थोडा कमी झाला. आता दुसराच आहे आणि तो जास्त जाळतो. मी डावीकडून हाकेला ओ देत नाही हे मजल्यावर कुणाच्याही लक्षात आलेलं नाही, कारण चंपा येऊ देत नाही. काही सांगायचं असलं की खोलीतून बाहेर येते, माझ्या पाठीमागून पूर्ण फेरी मारून उजवीकडे येऊन उभी राहते, आणि मगच बोलते. दिवसातून दहा-बारा वेळा. माझ्या बाबांसाठी तेवढी फेरी मी एकदाही मारली नव्हती, मी आपली जागेवरूनच ओरडायचे.