दोघांतला एक घरी

नागपूरच्या विमानतळावर आई आत आली नाही. "आत आली तर मी तुले सोडनार नाई," म्हणाली आणि बाहेरच्या झाडाखाली बसून राहिली. घरून निघताना तिनं बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून माझ्याकडून वंदना म्हणवून घेतली होती. डब्यात गोळाभात होता, आणि वर घालायचं फोडणीचं तेल वेगळ्या बाटलीत. बाटली तपासणीत काढून घेतली. मी कोरडाच भात खाल्ला आणि फोनवर तिला सांगितलं, तेल छान मुरलं होतं. तिथून पुढं फोनवर मी तिच्याशी असंच बोलत आलो.

नागपुरात इंदोऱ्यातल्या विनाअनुदानित शाळेत गणित शिकवता शिकवता चाळिशी उलटली, म्हणून आखातातल्या या शाळेत आलो. पहिल्याच दिवशी व्हिसाच्या शिक्क्यासाठी म्हणून पासपोर्ट घेतला. तो ऑफिसच्या लोखंडी कपाटात गेला तो तिथंच राहिला. कायद्यानं असा ठेवता येत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पण व्हिसा शाळेच्या नावावर, खोली शाळेची. तक्रार कुठंही न्या, 'तुमच्या शाळेशी बोला' हेच ऐकायला मिळतं. रजेवर जायचं तर दुसऱ्या शिक्षकानं जामीन राहायचं. गेलेला परतला नाही, तर जामीनदाराला करार संपेपर्यंत रजा नाही. त्यामुळे स्टाफरूममध्ये चहा एकत्र व्हायचा, पण कोणी रजेचं नाव काढलं की सगळे वह्या तपासायला लागायचे.

प्रवीण त्यातला नव्हता. आमच्या नागपूरजवळच्या पारशिवनीचा, फिजिक्स शिकवणारा, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. दिवसभर इंग्रजी बोलून जीभ अवघडायची, आणि संध्याकाळी तो दारात उभा राहून म्हणायचा, "काहून भाऊ, जेवून राहिले का?" तेवढ्यानं दिवस हलका व्हायचा. थंडीत आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगांबद्दल इतकं बोलायचो, की शेजारच्या केरळी सरांनाही त्यांची चव कळली असेल.

आई पडली आणि परत उठली नाही. माझ्या बायकोनं, सुनंदानं, फोनवर एवढंच सांगितलं, "आता या." मी मागायच्या आधीच प्रवीण जामिनाची सही करून आला. म्हणाला, "येताना संत्री नका आनू भाऊ. तुमी सोता आले तरी खूप झालं."

घरी कूलरसमोर आईची खाट होती. वाळ्याचा तो ओला वास आला आणि मी तिच्या पायाशी बसलो. पण पाणी हवं असो की गोळी, ती हाक सुनंदालाच मारायची. "त्याले मालूम नाई कोठं काय हाय ते," म्हणायची. तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच मला माहीत नव्हतं.

डॉक्टर फार आशा देत नव्हते. मी परत जायचं नाही असं ठरवलं आणि तिला सांगितलं. तिनं माझा हात धरला. मग विचारलं, "अन् तो तुले जामीन राह्यलेला पारशिवनीचा पोरगा?"

मी म्हणालो, निभावेल तो.

"त्याची माय हाय का?"

"आहे."

तिनं हात सोडला. "मंग तेबी मह्यासारखीच वाट पाहून राहिली असंन. जाय गा तू."

मी परतलो. खरं सांगतो, मला तिचा राग आला होता. ती गेली तेव्हा शाळेत परीक्षा चालू होत्या. अंत्ययात्रा फोनवर पाहिली. फोन प्रवीणनं धरला होता.

पुढच्या सुटीत त्याच्यासाठी मी जामीन राहिलो. परतायची वेळ आली तेव्हा त्याचा फोन आला. तो उन्हाबद्दल बोलला, धानाबद्दल बोलला. शेवटी म्हणाला, "भाऊ, मायले दिसत नाई आता. मह्या हाताले धरूनच चालते." त्यानं काही मागितलं नाही. मी 'ये' म्हटलं असतं तर तो आला असता.

"येऊ नको," मी म्हणालो.

हे औदार्य नव्हतं. आईजवळ मला राहायचं होतं तसं कोणीतरी राहावं, एवढंच वाटलं. पण ती रजा माझ्या एकट्याची नव्हती, सुनंदाचीही होती, आणि मी तिला विचारलं नव्हतं. माझ्या करारातली दोन वर्षं अजून बाकी आहेत, तोवर घरी जाणं नाही. हे कळल्यावर ती कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला तिला नावं ठेवायला जागा नव्हती.

मग परवा ती एकटीच बसनं पारशिवनीला गेली. आपला नवरा कोणाला दिला ते पाहून येते, म्हणाली. दुपारी तिचा फोन आला. तिथंच जेवली असावी, आवाजावरून थोडी रडलीही असावी. "बोला यांच्याशी," म्हणून तिनं फोन प्रवीणच्या आईच्या कानाला लावला.

म्हातारीनं फोन आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, "कधी येशीन गा तू?"

आई दर वेळी फोन ठेवताना हेच विचारायची. ती गेल्यावर हे मला कोणी विचारलं नव्हतं. सुनंदाला उत्तर माहीत होतं, म्हणून तिनं विचारणं सोडलं होतं. पलीकडे पंखा घरघरत होता, कोणीतरी बादली ओढत होतं, आणि म्हातारी उत्तराची वाट पाहत फोन धरून बसली होती. इतक्या दिवसांनी मला वाटलं, मी कुठूनतरी लांब आलेलो आहे, आणि तिथं माझी जागा अजून आहे.