इंजिनात राहिलेली सुपारी

पूजेत गणपती म्हणून मांडायची सुपारी शिरीषच्या गाडीच्या इंजिनात पडली आणि ती माझ्या हातून पडली, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला नाही, त्याच्या बायकोला, स्मितावहिनींना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या शिरीषला तर नाहीच. फेब्रुवारीतल्या एका सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभा होतो. चहा उतू गेला, गॅस बंद करायचंही सुचलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी डोळ्यांपुढे आला तो त्याचा चेहरा नव्हे... ती सुपारी.

शिरीष नागपूरचा, मी पुण्याचा. डब्लिनला एकाच ऑफिसात शेजारच्या टेबलांवर बसायचो. मी मुळात कमी बोलणारा, आणि तो माझ्या वाटचंही बोलायचा. लहानपणी नागपुरात सदरच्या एका गॅरेजमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं एक अमेरिकन गाडी पाहिली होती, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. पन्नाशीच्या तोंडावर त्याला तशीच एक गाडी शेजारच्या मीथ काउंटीत मायकल नावाच्या शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडली. इंजिन पार जाम झालेलं, म्हणूनच ती त्याला परवडली. मायकलनं शेडचा कोपराही वापरायला दिला. "शी'ल बी ग्रँड," म्हणजे होईल सगळं झकास, असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा, गाडीकडे न बघता. घरी वहिनी म्हणाल्या, "ह्यांना दोन लेकरं पुरली नाहीत, आता हे तिसरं." पण दर शनिवारी आमचा डबा त्याच भरून द्यायच्या.

दोन हजार वीसच्या सुरुवातीला आम्ही इंजिन खोललं. मग कोविडमुळे सगळंच बंद झालं, आणि उन्हाळ्यात मुभा मिळाल्यावर पुन्हा जाऊ लागलो. शिरीषचा हिशेब सरळ होता. जुनं वापरलं तर इंजिन मरेल तेवढंच नवं घ्यायचं: पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, गॅस्केट. बाकी सगळं घासून, धुऊन, मापून परत बसवायचं. सिलिंडर त्यानं मोठे करून घेतले नाहीत, आतून नुसते होन केले, म्हणजे हलके घासून घेतले. बोल्ट दिवाळीच्या मिठाईच्या रिकाम्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर मार्करनं जागा लिहिलेली. व्हॉल्व्ह घासून बसते करायचं काम माझ्याकडे होतं. काठीला व्हॉल्व्ह चिकटवायचा आणि ती दोन तळव्यांमध्ये रवीसारखी फिरवायची. "पुणेकर, ताक काढून राहिला का बे?" तो गाडीखालून विचारायचा. मी काठी फिरवत राहायचो. ते शनिवार मला आवडायचे. आयुष्यात माझ्या हातांनी केलेलं काही कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. सोळा व्हॉल्व्ह झाले तेव्हा त्यानं प्रत्येकात पेट्रोल ओतून गळतंय का पाहिलं आणि म्हणाला, "एकही थेंब नाही. घे, पोळी खा."

त्याचा एकच कडक नियम होता. इंजिनाचं कुठलंही तोंड उघडं राहता कामा नये. वहिनींच्या जुन्या निळ्या ओढणीचे चौकोनी तुकडे करून त्यानं प्रत्येक भोकावर बांधले होते. एकदा मी एक तोंड उघडं ठेवून चहाला गेलो तर परतल्यावर दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, "आत एक वॉशर पडला ना, तर सहा महिने पाण्यात."

ऑक्टोबरात सगळं जुळून आलं. इंजिन गाडीत बसलं, फक्त वरचा कार्ब्युरेटर लावायचा राहिला. पहिल्यांदा सुरू करायचं ते दसऱ्याला, असं ठरलं होतं. पण बातमी आली की बुधवारी मध्यरात्रीपासून घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. शेड त्याहून खूपच लांब. शिरीष म्हणाला, दसरा रविवारी आहे तर असू दे, आपण बुधवारीच पूजा करू आणि लगेच सुरू करू. पूजेचं माझ्याकडे होतं. झेंडू मिळाले नाहीत, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती घेतली. शिरीष बादलीनं पाणी आणायला मायकलच्या घराकडे गेला. मला वाटलं, कुंकू नीट मधोमध लावावं, म्हणून मी मॅनिफोल्डच्या तोंडावरचा निळा कपडा काढला. मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरखालचा ओतीव भाग, तिथून हवा आणि पेट्रोल सिलिंडरांकडे जातं. त्याच्या कडेवर तांदूळ ठेवून मी सुपारी मांडली, आणि फूल वाहताना माझ्या बाहीचा धक्का लागला. खळ्ळ असा आवाज झाला, मग काही नाही. हरवलेले नट काढायला आमच्याकडे काठीला लावलेलं चुंबक होतं. सुपारीला चुंबकाचं काय? तार वाकवून आत घातली, तर ती आणखी पुढे, व्हॉल्व्हकडे घरंगळली. तोवर बादलीचा आवाज आला. मी मॅनिफोल्डचं तोंड पुन्हा त्याच कपड्यानं झाकून उभा राहिलो.

शिरीषनं हात जोडले, मग विचारलं, "अबे, गणपती कुठे गेला?"

"खिशात ठेवला," मी म्हणालो. "विसर्जन घरी करू."

तो हसला आणि कार्ब्युरेटर लावायला घेतला. मी बघत राहिलो. त्याला सांगितलं असतं तर मॅनिफोल्ड पुन्हा उघडावा लागला असता, सांध्यात सकाळीच लावलेलं, एकदाच वापरता येणारं शेवटचं गॅस्केट वाया गेलं असतं, नवं अमेरिकेहून येईपर्यंत महिना. एवढंच झालं असतं. पण त्याचं ते न बोलणं मला पुन्हा नको होतं. किल्ली हातात घेऊन तो म्हणाला, "मारू?" आणि मुहूर्त-बिहूर्त कधी न मानणारा मी म्हणालो, "आज नको. दसरा झाल्यावर, चांगला दिवस बघून. दोन-तीन आठवड्यांत उठेल हे पाच किलोमीटर." मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यानं किल्ली खिशात टाकली. "बरं. तुझ्यासाठी."

मी ठरवलं होतं, एकट्यानं जाऊन काढून टाकू. गॅस्केटही मागवलं. नाताळच्या आधी जिल्ह्याबाहेर जायची मुभा मिळाली आणि त्याच दिवशी त्याचा फोन आला, "उद्या निघू." गॅस्केट टपालात अडकलं होतं, आलेलं नव्हतं. मी म्हणालो, अंग कणकणतंय, कोविड असेल, तुझ्या घरी नको आणायला. मला काहीही झालेलं नव्हतं. तो म्हणाला, "काळजी घे रे," आणि दारात वहिनींच्या हातचा सांबारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा, डबा ठेवून गेला. जानेवारीत आजारी पडला तो शिरीष.

दवाखान्यातून त्याचा एकदाच व्हिडिओ कॉल आला. आवाज बसलेला, मधे मधे ऑक्सिजनचा मास्क. म्हणाला, "तू एकटा जा. पोलिसांनी अडवलं तर सांग काय ते. सुरू कर अन् फोन धर समोर... मला ऐकव." मी म्हणालो, "तू घरी ये, मग दोघं मिळून करू." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. त्याला शिव्या द्यायचा दम नव्हता, तो बहुतेक हसलाच असता. तो म्हणाला, "बरं. तुझ्यासाठी." दोन्ही वेळा तेच शब्द.

अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं चालत होती. मी लॅपटॉपवर पाहिलं, चित्र मधेच अडकत होतं. गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, बंदी उठली की एकदा तुम्ही ती गाडी सुरू करा. ह्यांनी नाही ऐकला तो आवाज, आम्ही तरी ऐकू. धाकटी रोज विचारते, 'व्हेन आर वी हिअरिंग डॅड्स कार?'" मी हो म्हणालो. सुपारी आत असताना किल्ली फिरवली तर व्हॉल्व्ह वाकेल, त्यानं एवढ्या हौसेनं जुळवलेलं इंजिन पहिल्याच दमात फुटेल, हे त्यांना माहीत नाही.

त्या बुधवारी कार्ब्युरेटर लावताना निघालेला निळा कपडा मी घाईत खिशात कोंबला होता. तो अजून माझ्याकडे आहे, कोपऱ्यावर तेलाचा डाग, एका कडेला शिरीषनं मारलेली गाठ. गॅस्केट आलं आहे, त्याच्या पाकिटावर हा कपडा घडी करून ठेवला आहे. येताजाता हात लागतो.

शिरीषचं मी देणं लागतो ते असं: हे छापून येण्याआधी वहिनींना खरं सांगायचं. मग शेडमध्ये जाऊन मॅनिफोल्ड उघडायचा, सुपारी काढायची आणि त्याच्या घरच्यांना ते इंजिन ऐकवायचं. यातलं पहिलंसुद्धा अजून माझ्याकडून झालेलं नाही.